लॅमिंग्टन रोडवरून २४ हजारात पीसी, आणि तो चिपळूणला पोचवणं

शिमग्याला महिना बाकी असताना ताईचा फोन आला. भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, तेही कॉम्प्युटरलाच, आणि घरात कॉम्प्युटर नाही. कॉलेजची लॅब पाचला बंद होते आणि मोबाईलवर जावाचा कोड टाईप करून पोराचा अंगठा मोडायची वेळ आलेली. ताई म्हणाली पंचवीस हजार आहेत, भावोजींनी बाजूला काढून ठेवलेत, त्यात काय बसतं ते बसव आणि शिमग्याला येशील तेव्हा घेऊनच ये. मी लगेच हो म्हणून टाकलं. पंचवीस हजारांचं एकवेळ जमेल, पण "घेऊनच ये" हे जे आहे ना ते शिमग्याच्या गर्दीत कोकणात जाणारी गाडी ज्यांनी बघितलीय त्यांनाच कळेल. पाय ठेवायला जागा नसते तिथं हातभर उंचीचं कॅबिनेट घेऊन मी बसणार कुठं?

पहिला विचार अर्थातच नवीनचा. रायझन ५ ५६००जी, म्हणजे सहा कोर बारा थ्रेड (सहा कामगार, एकावेळी बारा कामं) आणि आतच बऱ्यापैकी ग्राफिक, त्यावर ए५२० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ची एसएसडी, बऱ्यातली एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि साधं कॅबिनेट, असं कोटेशन तीन ठिकाणी मागितलं. सगळ्यात कमी आलं ते ३७ हजार ४००, मॉनिटर सोडून. आणि त्यात रॅम प्रोसेसरच्या बरोबरीला येऊन बसलेली! ऑफिसातल्या एकाला दीड वर्षापूर्वी हेच कॉन्फिगरेशन करून दिलं होतं तेव्हा रॅमच्या ओळीकडे मी नीट बघितलंही नव्हतं, चिल्लरमध्ये जायची ती. पण २०२५च्या शेवटी शेवटी सगळं उलटंपालटं झालं, एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी लागते म्हणून कारखाने तिकडे वळले आणि डीडीआर४ ही जुन्या पिढीची रॅम तर कंपन्या तशाही कमी करतच होत्या. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर क्रुशल नावाने आपल्यासारख्यांना माल विकणंच बंद करतोय म्हणून जाहीर केलं. त्याचा हिशोब आता चिपळूणच्या पोराने भरायचा. असो.

सेकंड हँड लॅपटॉप का नाही असं भावोजींनीपण विचारलं. बॅटरी गेलेली असते, बिजागरी सैल असते, आणि एकदा पडला की सगळंच गेलं. डेस्कटॉपचं एक बिघडलं तर एकच बदलायचं. विषय संपला.

आता ऑनलाईन ज्या जाहिराती दिसतात त्याबद्दल आधी बोलतो, कारण भाच्याने मला पहिली लिंक तीच पाठवली होती. "आय७ गेमिंग पीसी, १६ जीबी, २ जीबी ग्राफिक, आरजीबी कॅबिनेट, फक्त १५,९९९". मामा हा घेऊया ना म्हणे. खाली बारीक अक्षरात गेलं की आय७-२६००. हा प्रोसेसर २०११चा आहे, तेव्हा आमचे भाचेसाहेब अंगणवाडीत जायचे. आत कुठल्यातरी न ऐकलेल्या कंपनीचा नवीन एच६१ बोर्ड, त्यावर डीडीआर३ रॅम आणि जीटी ७३०, जे कार्ड २०१४चं आहे आणि तेव्हाही गेमिंगचं नव्हतं. काच लावलेलं कॅबिनेट, चार फिरते लाईट, पणजोबांना मुंडावळ्या बांधल्यासारखं. विकणारे खोटं बोलत नाहीत हं, आय७ आहेच तो, "नवीन असेंबल्ड"पण आहे कारण बोर्ड नवीन आहे. पण विंडोज ११ त्यावर कायदेशीरपणे कधीच येणार नाही आणि आजचा साधा आय३-१२१०० त्याला उभा आडवा हाणेल. आय५, आय७ ह्याला काही अर्थ नाही, त्यापुढचा आकडा बघायचा. २६०० म्हणजे दुसरी पिढी, ७५०० म्हणजे सातवी, ८५०० म्हणजे आठवी. एवढं भाच्याला कळलं आणि मग त्याने लिंका पाठवायच्या बंद केल्या.

मी ठरवलं ते ऑफिसमधून निघालेला डबा, म्हणजे वापरलेला पीसी, घ्यायचं. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क, लेनोवो थिंकसेंटर, ह्या तीन नावांचे डबे तुम्ही प्रत्येक बँकेत टेबलावर बघितले असतील. कंपन्या चार-पाच वर्षं वापरतात आणि मग शंभर-दोनशेच्या लॉटमध्ये काढतात. त्यात विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे सहावी-सातवीवाले डबे बाजारात अक्षरशः ढिगाने आलेत. म्हणून ते स्वस्त. म्हणूनच ते घ्यायचे नाहीत, निदान विद्यार्थ्याला तरी नाही. सातवीचा आय५-७५०० म्हणजे चार कोर चार थ्रेड, आठवीचा आय५-८५०० म्हणजे सहा कोर सहा थ्रेड. एका पिढीत एवढी उडी इंटेलने बऱ्याच वर्षांनी मारली होती. आणि नंतर बदलू म्हणाल तर तेही नाही, सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, दिसायला सेम, ११५१च, सातवीच्या बोर्डावर आठवीचा प्रोसेसर बसतो पण चालू होत नाही.

तर एका शनिवारी डोंबिवलीवरून फास्ट, दादरला पूल चढून वेस्टर्नची स्लो (बऱ्याच फास्ट ग्रँट रोडला थांबत नाहीत, दरवेळी एकजण तरी मुंबई सेंट्रलला उतरून उलटा येतो) आणि लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे पण टॅक्सीवाला सोडा, तिथल्या दुकानदारालापण ते नाव सांगितलं तर विचारात पडेल. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. खालच्या मोठ्या दुकानांत नवीन माल, सीसीटीव्ही, प्रिंटर. आपल्याला लागतो तो माल जिन्याने वर. अंधारा जिना, लाकडी कठडा, भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या, आणि पहिल्या माळ्यावर दहा बाय दहाच्या गाळ्यात छतापर्यंत रचलेले काळे डबे. बाहेर हातगाडीवरून अजून उतरतच होते.

दुकानाचं नाव टाकत नाही, चांगलं वाईट दोन्ही लिहायचंय म्हणून. शेठ गल्ल्यावर, आणि टेबलावर टेस्टिंगला एक पोरगा, मराठीच निघाला, साताऱ्याकडचा. मी म्हणलं आठवी जनरेशन, आय५, छोटा डबा. शेठने आधी सातवीच दाखवला. "भाई, विंडोज इलेव्हन डालके देता हूँ, चलता है मक्खन." चालतं हो, जुगाड करून टाकता येतं, मोठा अपडेट आला की पुढचं रामभरोसे. मी नाही म्हणलं. मग आतून आठवीचे तीन आले. सातवीचा ८,५००, आठवीचा १३,५००, दोन्ही ८ जीबी रॅम आणि जुन्या ५०० जीबी हार्डडिस्कसकट.

मी सोबत एक पेनड्राईव्ह नेला होता, त्यात लिनक्स मिंट, म्हणजे इन्स्टॉल न करता नुसतं चालवून बघता येतं. पहिला डबा चालू केला, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारी मशीनची मूळ सेटिंग) जायला गेलो तर पासवर्ड. कंपनीच्या आयटीवाल्यांनी टाकलेला असतो आणि लॉट काढताना कोणी काढत नाही. शेठचं म्हणणं क्या फर्क पडता है, विंडोज तो चल रहा है ना. पडतो ना फरक. उद्या टीपीएम, सिक्युअर बूट ही सुरक्षेची सेटिंग चालू करायचीय, पेनड्राईव्हवरून काही टाकायचंय, सगळं त्या कुलपाच्या आत. हे पासवर्ड बॅटरी काढून जातातच असं नाही ह्या ऑफिसच्या मशिनांत. तो बाजूला. दुसऱ्याचा पंखा सुरू झाल्या झाल्या पिठाची गिरणी. तिसरा बरा वाटला. बायोस उघडलं, आय५-८५००, टीपीएम २.० दिसलं, मागचे सगळे यूएसबी चालले, पुढचा एक सैल होता, तो दाखवून शंभर रुपये कमी करा म्हणलं तर शेठ हसले.

झाकण उघडून बघू देत नाहीत असं बरेच जण सांगतात. इथं त्या पोराने स्वतःच उघडून दिला. आत बोटभर धूळ, पण कपॅसिटर फुगलेले नाहीत, कुठे गंज नाही. हीटसिंकचे चार स्क्रू सोडवून उचलला आणि खालची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) बघितली तर पानाला लावलेला चुना वाळून पोपडे धरावेत तशी, नखाने निघाली. म्हणजे कंपनीतून निघाल्यापासून, किंवा कदाचित कंपनीत आल्यापासूनच, ह्याला कोणी हात लावलेला नाही. मला तर ते बरंच वाटलं. ज्यात कोणी हात घातला नाही त्यात कोणी घोळपण घातलेला नसतो. वर बाजूला एका मोठ्या कंपनीचा ॲसेट टॅग तसाच चिकटलेला, तो मी घरी आल्यावर खोबरेल तेल लावून काढला.

१२,५०० वर सौदा पटला. पक्कं बिल हवं म्हणलं तर अठरा टक्के वरून लावायची भाषा सुरू झाली, पंधरा मिनिटं घासाघीस, शेवटी त्याच भावात पक्कं बिल आणि त्यावर "१ महिना वॉरंटी" असं पेनाने लिहून शिक्का. आधी म्हणत होते "सात दिवस चेकिंग". ही दोन वेगळी प्रकरणं आहेत हे लक्षात घ्या, चेकिंग म्हणजे फक्त बदलून मिळेल, तेही दुकानात दुसरा असेल तर. विंडोज आणि ऑफिस टाकून देतो पाचशे रुपये, हे नको म्हणलं. गरजच नसते. ह्या कंपन्यांच्या मशिनांत विंडोजची चावी बहुतेक वेळा बायोसमध्येच भरलेली असते, आपण मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून पेनड्राईव्ह बनवून टाकलं की नेट लागल्या लागल्या आपोआप ॲक्टिव्हेट होतं. माझं झालं. आणि त्यांनी जे ऑफिस टाकून दिलं असतं ते कुठून आणलेलं असतं हे सगळ्यांना माहितीये.

रॅमचा किस्सा मात्र डोक्याला ताप झाला. डब्यात ८ची एकच काडी होती, दुसरी ८ची घ्यायची होती. दोन काड्या का, तर एका हौदाला दोन नळ, भरतो लवकर. आणि इथे तर वेगळं ग्राफिक कार्ड नाही, आतलं यूएचडी ६३० आहे, ते बिचारं आपल्याच रॅममधून घोट घोट घेऊन जगतं, त्यामुळे दोन काड्यांचा फरक त्याला जास्तच जाणवतो. दुसऱ्या माळ्यावर एका दुसऱ्याच दुकानात जुनी काडी २,६०० ला मिळाली. मागच्या वर्षी ह्याच काडीला हजार रुपये सांगितले असते तर मी वळून गेलो असतो. तिथे टेस्टिंग म्हणजे काय, बोर्डवर लावली, विंडोज चालू झालं, ओके है भाई.

घरी येऊन रात्री जेवण झाल्यावर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून झोपलो. विंडोज चालू झालं म्हणजे रॅम चांगली असं नसतं, खराब भाग कधीतरी महिन्याने वापरात येतो आणि मग निळा स्क्रीन, आणि माणूस विंडोजला शिव्या देत बसतो. सकाळी उठून बघतो तर अख्खा स्क्रीन लाल. दोनशेच्या वर एरर. खोडरबराने काडीचे सोनेरी दात घासले (हसू नका, निम्म्या वेळा ह्यानेच काम होतं), स्लॉट बदलला, एकेक काडी वेगळी लावली. जुनी पास, नवीन आणलेली नापास. सोमवारी ऑफिसमधून हाफ डे टाकून परत ग्रँट रोड. त्या माणसाने आधी खोडरबर काढलं, म्हणलं झालंय ते, मग माझ्या बोर्डला नावं ठेवली, मग "आपने गरम किया होगा" इथपर्यंत गेला. मोबाईलवर लाल स्क्रीनचा फोटो दाखवला तसा मागच्या डब्यातून दुसरी काडी काढून दिली, मान वर न करता. ही दुसरी रात्रभर स्वच्छ पास झाली. पैसे गेले नाहीत पण हाफ डे गेला, तो धरायचा की नाही खर्चात?

एसएसडी नवीनच घेतली, एनव्हीएमई ५१२ जीबी, ४,८००, पाच वर्षं वॉरंटी. इथे काटकसर करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, आणि असेंबल्ड करत असाल तर एसएमपीएसमध्येपण नाही. प्रोसेसर जुना घ्या, बोर्ड जुना घ्या, ते एकतर चालतात नाहीतर चालत नाहीत. डिस्क मात्र चालता चालता जाते आणि पोराचं प्रोजेक्ट घेऊन जाते. डब्यासोबत जी जुनी हार्डडिस्क आली होती ती क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बघितली तर ३१ हजार तास चाललेली. म्हणजे सलग साडेतीन वर्षं, दिवसरात्र. बिचारी अजून "गुड" दाखवत होती. तिच्यात आता फक्त जुने फोटो टाकलेत, त्याची दुसरी कॉपी ताईच्या मोबाईलमध्ये आहेच.

आणि एक सांगायचं राहिलं, एसएसडी बोर्डवर आडवी बसते आणि तिच्या शेपटाला एक मुंगीएवढा स्क्रू लागतो. तो डब्यात नव्हता. एसएसडीच्या खोक्यातही नव्हता. स्क्रू नसेल तर ती स्प्रिंगसारखी वर उभी राहते. आख्खी रविवारची दुपार मी त्या एका स्क्रूपायी डोंबिवली स्टेशनच्या आसपास फिरलो, हार्डवेअरवाला म्हणे इतका बारीक येत नाही, चष्मेवाला म्हणे बघतो आणि त्याचा लांब निघाला, शेवटी मोबाईल रिपेरिंगच्या टपरीवरच्या पोराने एका मेलेल्या लॅपटॉपमधून काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत. त्याला दोन वडापाव नेऊन दिले. ह्या पूर्ण खरेदीत मला मिळालेली सगळ्यात चांगली सर्व्हिस ही.

बाकी किरकोळ. मॉनिटर जुना २१.५ इंची फुल एचडी २,८००, डेड पिक्सेल नाही, एका कोपऱ्यात थोडा पिवळट आहे पण माहीत नसेल तर दिसत नाही. कीबोर्ड माऊस नवीन ६५० (जुना कीबोर्ड दुसऱ्याच्या बोटांचा, तो नको). ह्या ऑफिसच्या डब्यांना मागे बहुतेक डिस्प्लेपोर्ट असतो, एचडीएमआय नसतो, हे घरी आल्यावर कळलं तर चिडचिड होते, तर त्याची केबल ३५०. वायफाय नाही, डाँगल ४५०. थर्मल पेस्ट १५०, आणि बायोसची सेल ३० रुपये, कारण प्रत्येक वेळी तारीख मागे जात होती. टोटल २४,३३०. उरलेल्या ६७० मध्ये माझं दोनदाचं जाणंयेणं आणि ते दोन वडापाव.

न्यायचा दिवस. इथेच छोटा डबा घेतल्याचं सार्थक झालं. सगळ्यात बारक्या पुठ्ठ्याच्या सुटकेसएवढा तो, वजन पाचेक किलो, पाठीवरच्या सॅकमध्ये कपड्यांच्या मधे बसला. मॉनिटरचा स्टँड काढला आणि आईने दिलेल्या गोधडीत गुंडाळून सुतळीने बांधला. सकाळची दिवा-सावंतवाडी, म्हणजे काय ते जाणणाऱ्यांना सांगत नाही. रोह्यापर्यंत मॉनिटर माझ्या मांडीवर उभा, पुढे एक आजी बसायला सरकल्या तेव्हा त्यांनी विचारलं बाळ आहे काय रे गोधडीत? म्हणलं आजी, टीव्हीसारखं आहे, जरा हात लागू देऊ नका. त्यानंतर चिपळूणपर्यंत त्या आजींनीच राखण केली, कोण टेकायला आलं की ओरडायच्या.

घरी पोचल्यावर ताईच्या सासूबाईंनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "एवढासाच? ह्याचे पंचवीस हजार?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता चालतो कसा. सात आठवडे झालेत, भाचा रोज वापरतोय, मी दर आठवड्याला फोनवर छळून विचारतो. बटण दाबल्यापासून पंधरा-सोळा सेकंदात डेस्कटॉप. जावा, पायथन, व्हीएस कोड, दहा-बारा टॅब आणि बाजूला यूट्यूब, ह्यात कुठेही अडखळत नाही. पुढच्या वर्षी अँड्रॉइडचा विषय आहे म्हणून अँड्रॉइड स्टुडिओ आत्ताच टाकून बघायला लावला. पहिला बिल्ड अडीच मिनिटं घेतो, पुढचे पंधरा-वीस सेकंद, पण एम्युलेटर (पीसीतच चालणारा नकली मोबाईल) चालू केला की १६ पैकी १३ जीबी भरते आणि मशीन जरा घामाघूम होते. त्याला सांगितलं स्वतःचा मोबाईल केबलने जोड आणि त्याच्यावर चालव. ८ जीबीवर हे झालंच नसतं, तेव्हा रॅममागचा तो हाफ डे वसूल.

गेमिंग? विचारणारच होता. व्हॅलोरंट चालतं. सगळं लो करून साठच्या आसपास फ्रेम, धूर-बिर झाला की पंचेचाळीसवर येतं. विंडोज ११वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू लागतात, नाहीतर ते उघडतच नाही, म्हणजे पासवर्डवाला पहिला डबा घेतला असता तर कदाचित इथेच गाडी अडली असती. ताईला हे सांगू नका, तिला वाटतंय त्यावर गेम चालतच नाही. मोठे गेम विसरा.

आवाज जवळजवळ नाही. पेस्ट बदलल्यावर, धूळ काढल्यावर तापमान लोडवर सत्तरच्या आत राहतं, पण हे मार्चचं, मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत काय होतं बघू. वीज गेली की धाडकन बंद व्हायचा, आणि चिपळूणला वारा सुटला की वीज जातेच, त्यामुळे तिकडेच ६००व्हीएचा यूपीएस २,६०० ला घ्यावा लागला. तो बजेटमध्ये धरला नव्हता, ही चूक माझी. गावाकडे पीसी पाठवत असाल तर यूपीएस पहिल्या दिवसापासून धरा.

आता तोटे, आणि ते आहेत. छोट्या डब्यात पूर्ण उंचीचं ग्राफिक कार्ड बसत नाही, लो प्रोफाइलच, म्हणजे कमी उंचीचं, लागतं. आतली पॉवर सप्लाय दोनशे-अडीचशे वॅटची, कार्डाला वेगळी वायर नाही, म्हणजे स्लॉटमधून मिळते त्या ७५ वॅटमध्येच जो काय संसार. त्यात बसणारं बरं कार्ड म्हणजे लो प्रोफाइल जीटीएक्स १६५०, आणि ते जुनंसुद्धा असं विकतात की जणू वाडवडिलांचं सोनं. जीटी १०३० स्वस्त मिळेल पण त्यात दोन प्रकार येतात, जीडीडीआर५ आणि डीडीआर४, खोक्यावर नाव एकच, डीडीआर४वाला फारच मंद आहे. आणि त्या पिढीच्या कार्डांना एनव्हिडियाने नवीन गेमचे ड्रायव्हर देणं २०२५मध्येच थांबवलंय. क्रिप्टो मायनिंग करून निघालेली आरएक्स ५८० वगैरे कार्डं तर ह्या डब्याचा विषयच नाही, ती एकटीच १८५ वॅट खाते.

तुम्हाला गाडीतून न्यायचं नसेल, घरी टेबलाखाली जागा असेल, तर ह्याच पिढीचा टॉवर डबा घ्या, किंवा जुना बी४५० बोर्ड आणि रायझन ५ ३६०० असा जोड बघा, त्यावर उद्या रायझन ५००० सिरीजचा प्रोसेसर टाकता येतो, बायोस अपडेट करून. ३६००च्या आत ग्राफिक नसतं, कार्ड घ्यावंच लागतं, तो खर्च आधी धरा. आणि एएम४चा (ह्या रायझनच्या सॉकेटचं नाव) जुना प्रोसेसर घेताना उलटा करून पिना मोजायला नको पण आडव्या उजेडात बघा, एखादी वाकलेली पटकन दिसते. कूलर ओढताना प्रोसेसर पेस्टला चिकटून सॉकेटातून उपटून येतो, त्यात पिना जातात.

सगळ्यात मोठी मेख पॉवर सप्लायची. ह्या डब्यांचा आकारही त्यांचा स्वतःचा आणि बोर्डला जाणारा जोडही स्वतःचा, बाजारातली साधी एसएमपीएस आत मावत नाही आणि मावली तरी वायर जुळत नाही. गेली तर चिपळूणला कुठे मिळणार? म्हणून मी निघायच्या आधी त्याच पहिल्या माळ्यावर परत जाऊन त्याच मॉडेलची जुनी सप्लाय ७०० रुपयांना उचलून ठेवली. साताऱ्याच्या पोराने स्वतः लावून, चालवून दाखवली. ती सध्या आमच्या माळ्यावर गोधडीत आहे, आणि आई रोज विचारते गोधडी परत कधी मिळणार.